विश्वनाथने समन्स घेतले, त्याबद्दल

विश्वनाथ गेल्याचे त्याच्या मुलाने, नितीनने, फोनवर सांगितले आणि श्वास न घेता पुढचे वाक्य जोडले, “काका, बाबांना त्या कोर्टानं मारलं.” अशा वेळी माणसे गप्प राहतात. मी राहिलो नाही. “कोर्टाने नाही,” मी म्हणालो, आणि पलीकडून फोन ठेवला गेला. पुढे बदलापूरच्या शोकसभेत वक्त्यांनी एकामागून एक तेच आळवले : विश्वनाथ भोळा, कोर्टाच्या बेलीफासमोर समन्स घ्यायला त्याने हात पुढे केला आणि फसला. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयविकार लिहिला होता. नातलगांनी समन्स लिहिले. हे असेच राहू द्यावे, इतका मी सहनशील नाही.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो फिटर आणि मी हिशेबनीस. कारखाना बंद पडला तेव्हा मी घरी बसलो. त्याने उल्हासनगरात गाळा भाड्याने घेतला आणि जीन्स शिवणाऱ्यांची यंत्रे दुरुस्त करू लागला. सुटे भाग स्वतःच घडवावेत म्हणून एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर लेथ मशीन घेतले. पुढे कामे आटली, हप्ते थकले. कंपनीची माणसे एके दुपारी मशीन टेम्पोत घालून घेऊन गेली. “मशीन गेलं, कर्जही गेलं,” तो मला म्हणाला. त्याची चूक झाली असेल तर ती इथे, आणि ती आमच्याकडे सगळेच करतात. कर्ज गेले नव्हते. वर्ष उलटल्यावर वसुलीचा दावा आला. अंबरनाथ पश्चिमेची राहती खोली त्याच्या नावावर होती. दावा हरल्यास जप्ती तिच्यावर येणार, हे उघड होते.

त्या बाजारात बेलीफ दिसला की शटर पडते, ही तिथली जुनी रीत. बेलीफ समन्स घेऊन गाळ्यावर आला तेव्हा शेजारचे कापडवाले लच्छूभाई हातवारे करून सांगत होते, “साईं, शटर गिराओ! कागज हाथ में लिया तो समझो फँस गए.” विश्वनाथने शांतपणे सही केली. “शटर पाडलं तर बेलीफ परत जाईल लच्छूभाई, दावा जाईल का?” लच्छूभाईंनी कपाळावर हात मारला, “लो! आदमी ने अपनी गर्दन खुद नाप के दी!” शोकसभेत जी कथा रंगली तिचा उगम हा. वस्तुस्थिती अशी की नाकारलेले समन्स दारावर चिकटवता येते, दावा तुमच्यावाचून एकतर्फी चालतो आणि निकाल तुम्हाला जप्तीच्या दिवशी कळतो. या कायद्यापेक्षा शटरवर विश्वास ठेवणारी माणसे विश्वनाथला भोळा म्हणतात!

वकिलाला द्यायला पैसे नव्हते. त्याच्या पत्नीने, सुलभावहिनींनी, बांगड्या काढून पुढे ठेवल्या. त्याने त्या परत त्यांच्या हातात चढवल्या आणि कोर्टातल्याच मोफत कायदा मदतीच्या कार्यालयात अर्ज केला. “फुकटचा दवाखाना आणि फुकटचा वकील, दोन्हीकडून माणूस आडवाच येतो,” हे त्याच्या मेहुण्याचे उद्गार. मिळालेल्या वकीलबाई वयाने लहान होत्या. मी शेजारीच बसलो होतो.

“कर्ज घेतलंत?”

“घेतलं.”

“हप्ते थकले?”

“थकले.”

“मग काका, आपलं म्हणणं काय मांडायचं?”

विश्वनाथने दाव्याची प्रत उलटून शेवटच्या आकड्यावर बोट ठेवले. “माझं मशीन त्यांनी कितीला विकलं, ते विचारा. ते पैसे दाव्यातून कुठंच वजा केलेले नाहीत.”

“अहो, हे आधी सांगायचं ना!”

“तुम्ही आधी मशीनचं विचारलंच नाहीत.”

तीच त्याची कैफियत झाली. घेतलेले नाकारायचे नाही आणि न घेतलेले कबूल करायचे नाही. कंपनीचा वकील दर वेळी मुदत मागे आणि विश्वनाथ गाळा बंद ठेवून तारखेला जाई. मधुमेहाच्या गोळ्या तो अर्ध्या करून घेत होता, हे आम्हाला फार उशिरा समजले. तारखा त्याला आतून खात होत्या. तेवढ्यापुरते नितीनचे म्हणणे मी मान्य करतो. पण तो भ्यायला होता, हे कदापि नाही. मशीन कितीला विकले याचे उत्तर येण्याआधी तो गेला.

दिवसकार्य होते न होते तोच कंपनीचा माणूस तडजोडीचा कागद घेऊन आला : काही रक्कम भरा, मशीनची तक्रार मागे घ्या. खोली वाचेल म्हणून नितीन तयार झाला होता. वहिनींनी विचारले, “मशीन कितीला विकलं, सांगितलं का त्यांनी?”

“नाही, आई.”

“मग सही कशाखाली करतोस?”

नितीन चिडला. “आई, हरलो तर तू राहणार कुठं?” वहिनींनी कागदावर मशीनची किंमत शोधली; ती कुठेच नव्हती. नितीनने सही न करता पेनाचे टोपण पुन्हा लावले.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघे उल्हासनगरच्या कोर्टात गेलो. दाव्यात वारसांची नावे अजून लागलेली नव्हती, म्हणून शिपायाने पुकारा केला तो विश्वनाथच्याच नावाचा. विश्वनाथची सवय अशी की नाव पुरते व्हायच्या आत उभा राहून “हजर” म्हणायचा; शिपाई त्यावर हसतही असे. या वेळी शिपायाने नाव पूर्ण उच्चारले, थांबला, पुन्हा उच्चारले. वहिनी पदर सावरत उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी नितीनही उठला.

“बाबा वारले,” तो म्हणाला. “आम्ही हजर आहोत.”

कंपनीच्या वकिलाने पुन्हा मुदत मागितली.