व्याह्यांचं गाऱ्हाणं

देवापुढे नारळ ठेवणारी माणसं आमच्या जिल्ह्यात घरोघरी सापडतील, पण देवालाच कामाला लावणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला. वेंगुर्ल्याकडे त्यांचा काजूचा कारखाना आणि बाग आहे. माणसाची ओळख ते चेहऱ्यावरून नव्हे, पायांवरून करतात. सोयरिकीच्या बोलणीसाठी मी आमच्या कट्टा गावाहून पहिल्यांदा गेलो, तर पत्रिका बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "पावणेनु, बागेतसून चलत इलात? पायांक तेल लावलात काय?" मग माझ्या पोटऱ्या गोचिडीसाठी तपासल्या गेल्या आणि सोयरीक जमली ती त्यानंतर. बँकेचा साहेब तपासणीला आला, तर त्यालाही पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावून गोचिडी चढू नयेत म्हणून तेल चोळलं. साहेब बिचारा आजही लांबूनच नमस्कार करतो.

या वेडाला कारण आहे. काजूच्या हंगामात त्या भागात माकडताप येतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात आणि बी वेचणाऱ्यांना चावतात. व्याह्यांच्या बागेत वीस वर्षं बी वेचणारी बाई एकदा संध्याकाळी अंग मोडून आलंय म्हणत घरी गेली, ती पुन्हा उठली नाही. तेव्हापासून व्याही धड झोपले नसावेत. माकड मेल्याची बातमी मात्र कोणी फोडत नसे. बाग बंद झाली तर बी कुजेल आणि वेचणारी माणसं दुसरा कारखानदार पळवील, ही ज्याची त्याची धास्ती. वर मारुतीरायाचं रूप म्हणून मेलेल्या माकडाला हाताने हार-कुंकू वाहायची रीत होतीच.

बाकीचे तीन कारखानदार एकमेकांचं तोंड पाहत नसत. व्याह्यांनी सभा बोलावली, तर एकच आला आणि चहा पिऊन गेला. मग हंगामाच्या तोंडावर व्याह्यांनी ग्रामदेवतेला नारळ ठेवला आणि तिघांना आमंत्रण धाडलं. देवाच्या नारळाला नाही म्हणायची कोणाची छाती आहे? गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने घालायचं साकडं, घालायला व्याही स्वतः उभे राहिले. मीही हात जोडून मागे होतो.

"बा देवा म्हाराजा, गुराढोरांक, पोराबाळांक सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"जेच्या बागेत वांदर मरात, तेणा त्याच दिशी दवाखान्यात सांगाक व्हया!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या बागेत कोणी माणसां धाडूची नाय! बाकीच्यांनी त्या माणसांक आपल्याकडे काम देवचा, आणि बाग उघडली की परत धाडूची!"

"व्हय म्हाराजा!" तोंडाला सवय असते, डोक्याला कळेपर्यंत तिघंही बोलून बसले होते.

बाहेर आल्यावर त्यातला तापट कारखानदार उखडला, "ह्या काय गाऱ्हाणा झाला?"

"माका कित्या विचारतस?" व्याही शांतपणे म्हणाले. "तू देवाक व्हय म्हटलंस."

देवाने पहिली परीक्षा व्याह्यांचीच घेतली. ऐन हंगामात त्यांच्याच बागेत माकड मेलं. माझा जावई म्हणाला, "बाबा, पुरून टाकूया, कोणाक कळूचा नाय." व्याह्यांनी त्याच्यासमोरच दवाखान्याला फोन लावला. हार घेऊन आलेल्यांना कुंपणाबाहेर अडवलं आणि रस्त्यावरूनच हात जोडले, "मारुतीराया, लांबसून पाया पडतंय, राग मानू नको." त्या वर्षी त्यांची बी झाडाखाली कुजली. मी भेटायला गेलो, तर ते कुंपणाशी उभे राहून बघत होते. पण वेचणाऱ्या बायकांना न्यायला पहिली गाडी आली ती त्या तापट कारखानदाराची, आणि गाडीत तेलाच्या बाटल्या होत्या. त्या हंगामात वाडीतलं एकही माणूस गेलं नाही. मला माझ्या व्याह्यांचा इतका अभिमान लेकीच्या लग्नातही वाटला नव्हता.

आता वयोमानाने त्यांचा आवाज पार बसला आहे. यंदा गाऱ्हाणं त्या तापट कारखानदारानेच घातलं. सगळ्या अटी म्हणून झाल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "आणि बा देवा म्हाराजा, बी वेचूक गेलेली सगळी माणसां सांजेक बरी घराक येवंदेत."

व्याह्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. म्हणून त्यांच्या वाटचं "व्हय म्हाराजा" मीच म्हटलं, जरा मोठ्याने.