बफरमध्ये उरलेलं वाक्य

आमच्या गावची सरपंच म्हणजे माझी चुलत काकू. मी घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करतो, हे तिला ठाऊक. एका सकाळी ती दारात येऊन म्हणाली, "अरं, पंचायतीच्या कॉम्प्युटरवर दवंडीचं कायतरी करून दे. मी एकदा बोलायचं, भोंग्यावर तीनदा वाजलं पायजे. घसा बसतो माझा."

मी प्रोग्राम लिहून दिला. रेकॉर्ड होणारा आवाज आधी लहान लहान कप्प्यांत साठतो, त्यांना बफर म्हणतात. पंचायतीचा कॉम्प्युटर जुना, लहान कप्पे त्याला झेपेनात आणि आवाज तुटायचा. म्हणून मी दहा-दहा सेकंदांचे कप्पे केले. मग आवाज कसा स्वच्छ आला! काकू खूश.

पहिली दवंडी रेशनकार्डांच्या तपासणीची होती. ती नीट वाजली. चार दिवसांनी दुसरी, पाळीव कुत्र्यांना रेबीजची लस देण्याची. त्या दिवशी मी कामाला कर्जतला गेलो होतो, त्यामुळे ती ऐकली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला पंचायतीत गेलो, तर अंगणात वीसेक कुत्री आणि प्रत्येक मालकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. शेजारच्या काकांनी मला थांबवलं.

"फोटो बरा आलाय का बघ रं. चौक गावच्या स्टुडिओत नेला होता. सरळ बघतच नव्हता."

निळ्या पडद्यासमोर त्यांचा कुत्रा. पासपोर्ट साइज, दोन प्रती.

"कुत्र्याचा फोटो कशाला, काका?"

"तुझ्याच भोंग्यानं सांगितलं ना! आधारची झेरॉक्स नि दोन फोटो घेऊन या म्हणून."

मी मनातल्या मनात प्रोग्राम ओळीओळीने तपासला. कुत्र्यांची दवंडी छोटी होती. शेवटचा कप्पा अर्धाच भरला, आणि उरलेल्या अर्ध्यात रेशनकार्डांच्या दवंडीचं शेवटचं वाक्य तसंच पडून होतं. ते पुसायला मी विसरलो होतो. आवाज काकूचाच, मग शंका कोण घेणार?

आत क्लार्क कुत्र्यांचे फोटो अर्जांना स्टेपल करत होता. जनावरांचे डॉक्टर सुई भरून उभे. "अहो, मला फक्त कुत्रा पाहिजे," ते कळवळून म्हणाले.

"कागद पुरे झाल्याबिगर सुई नाय," क्लार्क म्हणाला.

वाडीवरून दोन कुत्री घेऊन चालत आलेल्या बाईला फोटो नाहीत म्हणून त्याने परत पाठवायला काढलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "यांचं आधार कुठलं? माझंच आणलंय. फोटो कुठनं आणू?"

मी काकूला बाजूला घेऊन चूक कबूल केली. ती हळूच म्हणाली, "चुकलं म्हणून सांगितलं, तर उद्या माझी दवंडी कोण ऐकंल?" मग बाहेर येऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "फोटो नसला तरी चालंल! ज्यांनी आणलेत, त्यांचे जमा करून घ्या."

वाडीवरच्या बाईची कुत्री पहिली गेली. दुपारपर्यंत सगळ्यांना लस मिळाली. घरी येऊन मी कप्प्याची उरलेली जागा शून्यांनी, म्हणजे शांततेने, भरणारी एक ओळ लिहिली.

पुढची दवंडी पाणी बंद राहण्याची. ती संपल्यावर भोंगा एकदम गप्प झाला. थोड्या वेळात काकूचा फोन आला. "अरं, लोक विचारतायत, येताना काय आणायचं? कुणाला पटतच नाय, की संपलं म्हणून."

शेवटी तिच्याच आवाजात 'संपलं' एवढा एक शब्द रेकॉर्ड करून मी प्रत्येक दवंडीच्या मागे जोडून टाकला.