डावीकडून तिसरी

घरात कुणी कॅमेरा काढला की मी उठून आत जाते. नातवंडांना वाटतं, आजी लाजते. लाजायचं वय सरून जमाना झाला. मला राग येतो, आणि भरल्या घरात म्हातारीनं तोंड वाकडं करून बसू नये म्हणून मी उठते, एवढंच. फोटोत असतं ते खरं असतं, असं ही पोरं धरून चालतात. मीही कितीतरी वर्षं तसंच धरून चालले होते.

जालन्याला आमची कापसाची आडत होती. पणजोबा मारवाडातून आले ते इथलेच झाले. घरात आम्ही मारवाडी बोलायचो, सरकारदरबारी उर्दू आणि बाजारात मराठी. मी मात्र पहिला शब्द मराठीतच बोलले असणार, कारण मला वाढवलं ते आष्टीच्या एका बाईनं. ती आमच्याकडं दळणकांडण करायची. नवऱ्यानं टाकलेली होती, आणि लहान मुलगा भावाकडं आष्टीला ठेवून जालन्याला कामाला आली होती. मी तिला मावशी म्हणायचे. आई मी तीन वर्षांची असताना बाळंतपणात गेली आणि बाळही तिच्याबरोबर गेलं. तेव्हापासून न्हाऊमाखू घालणं, भरवणं, उवा काढणं, धपाटे घालणं, सगळं मावशीकडं आलं. वर्षाच्या आत बापूजींनी दुसरं लग्न केलं. नवी आई वाईट नव्हती, पण तिला तिची मुलं झाली.

आईचा चेहरा मला आठवत नाही. अजिबात नाही. माझ्याकडं होता तो तिचा फोटो.

त्या फोटोची हकीकत आमच्या घरात मोठ्या अभिमानानं सांगायचे. माझ्या दादीला, म्हणजे बापूजींच्या आईला हौस आली होती की साऱ्या कुटुंबाचा फोटो काढून देसात पाठवावा. देस म्हणजे मारवाड. तिथल्या भाऊबंदांना कळायला हवं की निजामाच्या मुलखात आपली माणसं कशी नांदतात. हैदराबादेहून फोटोवाला आला. सकाळच्या गाडीनं येऊन दुपारच्या गाडीनं परत जायचा त्याचा करार होता. चौकात जाजम घातलं, पडवीतल्या खुर्च्या मांडल्या. मधे दादाजी आणि दादी, दोन्ही बाजूंना चार मुलगे पगड्या घालून, आणि त्यांच्या मागं चार सुना उभ्या. चौघींचेही घुंगट हनुवटीपर्यंत ओढलेले. फोटोवाल्यानं काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "सेठजी, बाई लोगां के मुँह तो दिखतेच नहीं." दादाजी म्हणाले, "जेवर दिखते ना? बस." मग तो, "कोई हिलना नक्को," म्हणाला आणि सगळ्यांनी श्वास कोंडून धरले.

ही गोष्ट सांगताना घरातले सगळे हसायचे. मीही हसायचे. दादाजींचा केवढा हा रुबाब, असं वाटायचं.

आई गेल्यावर मी म्हणे रोज विचारायचे, आई कुठंय. तेव्हा बापूजींनी त्या फोटोवाल्याला पत्र पाठवलं की डावीकडून तिसरी बाई तेवढी मोठी करून पाठवा. टपालानं पुडकं आलं, फ्रेम केली, माडीवरच्या खोलीत लावली. एक आख्खा मोठा घुंगट. त्याखाली गळ्यात तिमणिया, जो आईला तिच्या माहेरून आला होता, त्याचा एकेक मणी मोजून घ्यावा इतका स्पष्ट. त्याखाली कोपरापर्यंत चुडा आणि एकमेकांत गुंतवलेले दोन हात. आणखी काही नाही. अशा फोटोला आमच्याकडं आई म्हणायचे, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

मी त्या फोटोशी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. भिंतीला गाल लावून खालून वर बघायचे. वाटायचं, खालून बघितलं तर घुंगटाच्या आत दिसेल. एकदा स्टुलावर चढून फ्रेम काढली आणि उलटी धरली, की कापड खाली पडेल. सात-आठ वर्षांची असेन. कापड पडलं नाही. मावशीनं मला फ्रेमसकट खाली उतरवलं, आणि एरवी अशा उद्योगाला चांगला मार देणारी ती बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

चेहरा नव्हता म्हणून मी हातांवर जीव लावला. चांगले रुंद, बोटांची पेरं जाड असलेले हात होते. मला वाटायचं, माझी आई कामाची होती, बाकीच्या काक्यांसारखी गादीवर लोळणारी नव्हती. माझे हात बारीक. ते तसे व्हावेत म्हणून मी मावशीच्या जात्याच्या खुंट्याला हात लावून तिच्याबरोबर ओढायचे. उजव्या हातावर, मनगटाशी चुडा सुरू होतो तिथं, एक काळपट डाग होता. काचेवरची घाण असेल म्हणून तो मी पदरानं किती वेळा पुसला असेल त्याला गणती नाही.

दर वर्षी तिथीला फोटो खाली उतरायचा. पाटावर ठेवून काचेला कुंकू लावायचे, मोगऱ्याचा हार घालायचे. बापूजी दुकानातून येऊन हात जोडून उभे राहायचे. मग मी. सगळं घर मागं उभं असायचं, आणि दाराशी मावशी.

पंधराव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर परतूरला, तेही आडतीचंच घर. निघताना बापूजींनी तो फोटो माझ्या ट्रंकेत घातला आणि म्हणाले, "आईला घेऊन जा." मी किती रडले होते तेव्हा! आज आठवलं की त्या रडण्याचीच चीड येते.

पहिल्या मुलीच्या वेळी मावशी परतूरला आली. मला बाळंतिणीचं न्हाऊ घालायला दुसरं कुणी नकोच होतं. सव्वा महिना सरला आणि त्याच आठवड्यात आईची तिथी आली. मी सासूबाईंना विचारून फोटो खाली घेतला, कुंकू लावलं, हार घातला. मुलीला मांडीवर घेऊन तिला सांगत होते, ही बघ तुझी नानी. मावशी शेकशेगडी घेऊन आत आली होती. ती शेगडी तिनं खाली ठेवली.

"बास कर माय आता," ती म्हणाली. "जित्या बाईला किती साल हार घालून राह्यली?"

मला काही कळेना. "कोण जिती?"

"मी. दुसरं कोण?"

तिनं हातातल्या काचेच्या बांगड्या वर सारल्या आणि उजवा हात फोटोजवळ आणून धरला. हातावर तुळशीचं गोंदण होतं. लहानपणापासून बघितलेलं, बोटानं गिरवलेलं गोंदण. फोटोतला डाग त्याच जागी होता, त्याच आकाराचा. पेरंही तीच. मी तो हात पकडून किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी मुलगी रडायला लागली तेव्हा मावशीनंच तिला उचललं.

मग तिनं सांगितलं. "तुही माय त्या रोजी बाहेरची होती. मागल्या खोलीत बसल्ती. फोटूवाला तर दुपारच्या गाडीनं जाणार. मोठ्या बाई म्हणल्या, चार लेकं बसले अन् तीनच सुना उभ्या राह्यल्या तर देसातले म्हणतील, एक मेली का काय. मंग मला बोलावलं. उंचीला मी बराबर तिच्याएवढी. मला घागरा घातला, वढणी दिली, कपाटातून तिचे दागिने काढून घातले. म्हणल्या, घुंगट वढ अन् बिलकुल हालू नको. अन् कुठं बोललीस तर पुन्हा ह्या दारात उभी करणार न्हाई."

"आई काय म्हणाली?"

"ती खिडकीतून बघत होती. हसली. मला म्हणती, माझ्यापेक्षा तूच चांगली दिसून राह्यली, माझा पुढच्या बारीला काढू."

पुढची बारी आली नाही. वर्षभरात ती गेली.

मी मावशीवर भडकले. इतकी वर्षं गप्प का बसलीस, माझा खेळ का केलास, असं वाट्टेल ते बोलले. ती मुलीला थोपटत ऐकून घेत होती. म्हणाली, "तू हात जोडून उभी राह्यची. मी दारात. कसं सांगू, सांग. अन् आधी सांगितलं असतं तर मला काढलं असतं, मंग तुला कुणी सांभाळलं असतं?" जिवंतपणी स्वतःच्या गळ्यातला मेलेल्या माणसाचा हार ती दर वर्षी दारातून बघत आली होती, आणि मी तिला ओरडत होते.

"कशी दिसायची ती?" मी विचारलं. निदान हिनं तरी तिला उघड्या तोंडानं पाहिलं होतं.

मावशी पुष्कळ वेळ आठवत राहिली. "गोरी होती," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता बराबर याद न्हाई येत गं."

पुढच्या खेपेला जालन्याला गेले तेव्हा मी बापूजींना गाठलं. दादी तोवर गेली होती, तिला विचारायची सोय नव्हती. बापूजी दुकानात गादीवर एकटेच होते. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" कशाबद्दल, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"तू एवढीशी होतीस," ते म्हणाले. "दिवसभर एकच, आई दाखवा. काहीतरी दाखवायला पाहिजे होतं."

"मग तुम्ही का हात जोडत होता? तुम्हाला तर माहीत होतं."

त्यांनी गादीवरचा कापसाचा नमुना उचलून बोटांनी पिंजला. "सगळे बघत असायचे," ते म्हणाले.

त्या उत्तरासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही. देसातल्यांनी बघायचं म्हणून चार सुना, घरातल्यांनी बघायचं म्हणून हात जोडायचे. आमच्या घरात फक्त बघणारेच महत्त्वाचे होते. जिला बघायला हवं होतं ती मागच्या खोलीत होती, आणि तिला एकदा खिडकीतून चौकात बोलवावं, फोटोवाल्याला ठेवून घ्यावं, असं कुणाच्याही मनात आलं नाही. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

परतूरला आल्यावर मी हार घालणं बंद केलं. जिवंत बाईला कसा घालणार? सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, मोगरा मिळाला नाही. दुसऱ्या वर्षीही मोगरा मिळाला नाही. मग त्यांनी विचारणं सोडलं. फोटो मात्र माझ्या खोलीत तिथंच राहिला. खरं कळल्यावर तो काढून टाकायला हवा होता, निदान मावशीला देऊन टाकायला हवा होता. मला जमलं नाही. लहानपणी आई म्हणून ज्या हातांकडं बघत झोपले ते हात दुसऱ्या कुणाचे निघाले, पण मला भरवलं ते त्याच हातांनी. माझी आई यातली कोणती, याचा हिशोब मला तेव्हाही लागला नाही.

मावशी थकली तेव्हा आष्टीला मुलाकडं गेली. मी दोन-तीनदा जाऊन आले. मग मुलं, घर, यात जाणं राहून गेलं. आष्टी परतूरहून काही लांब नाही, तरीही राहून गेलं, हे मी लपवत नाही.

संस्थान संपलं त्या हिवाळ्यात एक दिवस दुपारी तिचा मुलगा दारात आला. चांगला चाळिशीकडं झुकलेला, डोकं भादरलेला. मी ओसरीवर बसवलं. पाणी दिलं.

"माय गेली," तो म्हणाला. "बारा रोज झाले. सांगायला आल्तो."

मी डोळ्याला पदर लावला. तो पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरून बसला होता. त्याची पेरं जाड होती.

"बाईसाहेब, एक इचारू का?" तो म्हणाला. "माय शेवटाला सांगून राह्यली होती, जालन्याच्या घरी माझा एक फोटू निघाला होता म्हणून. आम्हाला वाटलं तापात बोलती. आमच्यासारख्याचा कोण फोटू काढतो? पण मंग म्हणलं, इचारून तर पाहावं. मी लहानपणापासून मामाकडं. तिला बघितलं ते थोडंच. असला तर भिंतीला लावीन. दुसरं काही मागायला आलो न्हाई."

माझी खोली ओसरीला लागूनच होती. मधे फक्त एक दार होतं. तो चार पावलं आत आला असता तर त्याला त्याची आई दिसली असती. तोंड दिसलं नसतं, पण त्यानं हात ओळखले असते.

मी त्या दाराकडं पाहिलं. उठले असते तर झालं असतं.

"नाही रे," मी म्हणाले. "आमच्याकडं फोटोवाला कधी आलाच नाही."

तो मान हलवून उठला. "मंग तापातच बोलली," असं म्हणाला आणि चपला घालून आष्टीच्या वाटेला लागला. मी कोपऱ्यापर्यंत त्याची पाठ बघितली. मग आत आले, बाजारातून मोगरा मागवला आणि फोटोला हार घातला. आता घालायला काही हरकत नव्हती.