शर्टच्या खिशातला रोटर

नव्वदच्या दशकातली, लखनौमधली जूनची एक दुपार. इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत चिटपाखरूही नव्हतं, बाहेर लूची गरम झळ भाजून काढत होती आणि आत सासूबाई छातीला हात लावून पलंगावर बसल्या होत्या...

घाम असा फुटलेला की पदर ओला झाला होता. "काही नाही गं, पित्त असेल," असं म्हणत होत्या, पण आवाज त्यांचा नव्हता.

आमचे हे नेमके त्या दिवशी कानपूरला. कशाला? तर जीपच्या हेडलाइटची काच शोधायला! एरवी एका रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शास्त्रज्ञ, पण यांना जुन्या फौजी गाड्यांचं वेड. दुसऱ्या महायुद्धातली एक जीप कबाड्याच्या आवारातून ओढून आणली आणि कित्येक महिने खपून ती चालती केली. सासूबाई तिला रणगाडा म्हणायच्या. "तुझा रणगाडा हलव, मला तुळशीला पाणी घालायचंय," हे आमच्या घरातलं रोजचं वाक्य होतं.

मीसुद्धा तिला नावं ठेवायचे, पण चालवायला मात्र शिकले होते. स्टिअरिंग डावीकडे, दारं नाहीत, आणि चावीसुद्धा नाही... नुसता एक खटका. कोणीही यावं आणि घेऊन जावं! म्हणून गाडी उभी केली की हे इंजिनातला रोटर काढून शर्टच्या खिशात टाकायचे. रोटर म्हणजे प्लगांना करंट वाटून देणारा बोटभर काळा तुकडा. तो नसला की गाडी सुरूच होत नाही. युद्धात सैनिक असंच करायचे म्हणे, शत्रूनं गाडी पळवू नये म्हणून. इंदिरानगरमध्ये यांचा कोण शत्रू होता, देव जाणे.

तर शेजारच्या भाभींना हाका मारून सासूबाईंजवळ बसवलं आणि मी जीपकडे धावले. खटका दाबला, स्टार्टरवर पाय दिला... इंजिन नुसतं घरघरत राहिलं. पुन्हा दिला, पुन्हा तेच. बॉनेट उघडून पाहिलं. रोटर नव्हता. तो यांच्या खिशात बसून कानपूरला गेला होता.

आमच्याकडे फोन नव्हता आणि भाभींचा सकाळपासून डेड. गल्लीत दुसरी चारचाकी नाही. खुंटीवरच्या सगळ्या शर्टांचे खिसे उलटे केले, स्पेअरचा डबा जमिनीवर ओतला... स्क्रू, वॉशर, सगळं जग त्यात, रोटर तेवढा नाही. आतून भाभींचा आवाज आला, "जल्दी कीजिए, माँजी का रंग बदल रहा है!"

मी तशीच अनवाणी पळत सुटले. डोक्यात एकच... रोटर. कुठूनही, कोणाचाही, पण रोटर हवा.

नाक्यावर चहाच्या टपरीपाशी बाराबंकीच्या सवाऱ्या नेणारी एक जीप उभी असायची. नशीब, ती होती! ड्रायव्हर सावलीत तोंडावर अंगोछा घेऊन पडला होता. त्याला गदागदा हलवलं आणि हात जोडून म्हणाले, "भैया, अपनी जीप का रोटर दे दीजिए, बस थोड़ी देर के लिए! सासू माँ को अस्पताल ले जाना है!"

तो उठून बसला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. मग अगदी अदबीनं म्हणाला, "बहनजी... तो जीप ही ले चलते हैं न?"

खरं सांगते, ते डोक्यात शिरायलाही मला एक क्षण लागला. अख्खी जीप समोर उभी, आणि मी तिच्यातला बोटभर तुकडा मागत होते! त्यातून ती डिझेलची. डिझेल इंजिनाला रोटर नसतोच, हे यांनी मला भाजी निवडताना शंभरदा ऐकवलं होतं...

जीप दारात आणून त्यानं आणि मी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि खुर्चीसकट उचलून जीपमध्ये ठेवलं. वाटेत निशातगंजच्या बाजारात गाडी अडकली. तो हॉर्न वाजवत होता, ओरडत होता, आणि मी त्यांचा गार हात चोळत होते. मी रडायच्या बेतात असताना सासूबाईंनी डोळे उघडले. "हा आपला रणगाडा नाही ना?" मी 'नाही' म्हणून मान हलवली. "मग पोचू," म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

हार्ट अटॅकच होता. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. तो ड्रायव्हर त्या दिवशीच्या सगळ्या सवाऱ्या सोडून बाहेर बाकावर बसून राहिला, हे येईपर्यंत.

हे संध्याकाळी कानपूरहून घरी पोचले आणि भाभींकडून कळताच तसेच हॉस्पिटलमध्ये आले. मी दुपारपासून भांडण साठवून ठेवलं होतं. पण यांचा हात आपोआप खिशाकडे गेला, तो काळा तुकडा बाहेर आला आणि हे त्याच्याकडे बघत नुसते उभे राहिले. मी भांडण बाजूला ठेवलं आणि यांना आत सासूबाईंकडे नेलं.

सासूबाई घरी आल्या त्या दिवशी आधी यांच्यापुढे हात पसरला. "दे तो इकडे." रोटर घेतला आणि देवघरात अन्नपूर्णेशेजारी नेऊन ठेवला. "काढायचा तर काढ. पण ठेवायचा इथेच." तेव्हापासून हे जीप उभी केली की हात धुऊन देवघरात जायचे. सासूबाई रोज अन्नपूर्णेला कुंकू लावायच्या, आणि उरलेलं बोट रोटरला.

त्या भैयाचं ऋण आहेच, ते फिटायचं नाही. त्याच्यामुळे सासूबाई मला आणखी बरीच वर्षं लाभल्या.

आता त्या नाहीत. जीप आहे, आणि ती सुरू करायची तर आजही आधी देवघरात जावं लागतं. उरलेलं बोट आता मी लावते.