देवळीच्या सभेतला माइकवाला

प्रचारात आमच्याबरोबर फिरणारा तो माइकवाला चहाच्या कपावरही आधी बोटानं टकटक करायचा, मगच प्यायचा. बोलायचा कमी. भाषणं ऐकून कान किटले, म्हणायचा.

मी आठवीत शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलेलो. गाडीतून उतरताना आमच्या उमेदवार साहेबांना गावाचं नाव सांगायचं, हे माझं काम. देवळीत साहेब उभे राहिले आणि गरजले, "माझ्या कारंजाच्या बंधूंनो!" लोक खो खो हसले. खाली येताच साहेब माझ्यावर उखडले. "गाव कोणतं सांगितलंस रे? उद्यापासून येऊ नकोस."

वायर गुंडाळता गुंडाळता माइकवालाच म्हणाला, "साहेब, यानं देवळीच सांगतलं, म्या अइकलं. सकाळपासून बोलून राह्यले तुमी, घसरते जीभ. पानी प्या."

साहेब पाणी प्यायले. "बस गाडीत," एवढंच मला म्हणाले.

पुढच्या सभेला त्याची सुट्टी, माइक दुसऱ्याचा होता. मी आमच्या माइकवाल्याला बाजारात गाठलं. समोर उभा राहून हात जोडले.

"हात काऊन जोडून राह्यला बे?" तो म्हणाला. "इलेक्शनले उभा हायेस का?"