रोममध्ये आई अडून बसली

सोलापुरात आमची एकच खोली होती आणि तिच्यात कायम तंबाखूचा वास. वडील लवकर गेले. आई विड्या वळायची. वळता वळता मला मोठ्यानं वाचायला लावायची, म्हणजे मला डुलकी लागली की तिला कळावं. इतिहासातलं रोम मी असंच खोकत खोकत पाठ केलं. घरातली पहिली पदवीधर मी. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

पुढे नोकरीनं कॅनडात मिसिसागाला आणलं. आई एक विंटर माझ्या कॉन्डोत काढून परत निघाली, तेव्हा तिला सोडायला जाताना मी मुद्दाम रोममार्गे तिकिटं काढली. मधे एक दिवस मिळत होता. व्हिसासाठी सुट्ट्या घेतल्या, ऑफिसच्या प्रिंटरवर नकाशे छापले. पुस्तकातल्या त्या जुन्या रोमचे अवशेष आईनं माझ्याबरोबर चालत बघावेत, एवढंच हवं होतं. तिचे गुडघे बघता पुन्हा संधी नव्हती.

अवशेषांच्या फाटकातून आत शिरताच मी सुरू झाले. "ते खांब दिसतात ना, ते देऊळ. पलीकडं दुसरं देऊळ. तिकडं मूर्ती आहेत, मुंडकी उडालेल्या."

आई थांबली. "भंगलेल्या?"

"दोन हजार वर्षं झाली. भंगणारच."

"मग विसर्जन का न्हाई केलं? भंगलेला देव बघू नये. तू जा, मी बसते हितं."

आणि बसली. पदर डोक्यावर घेऊन, पाठ फिरवून.

"एवढा व्हिसा काढला तो तुला दगडावर बसवायला?"

"मी म्हटलं हुतं का काढ? सरळ मुंबईला उतरले असते."

तेवढ्यात पहारेकऱ्यानं शिटी फुंकली. तो दगडही जुना निघाला, त्यावर बसायचं नव्हतं. आई उठली, पण तोंड फाटकाकडंच.

मी एकटी पुढं गेले. हातातले कागद वाचत होते, डोक्यात काही शिरत नव्हतं. वैतागून परत आले.

"चल, विमानतळावर जाऊ."

"झालं? नुसती देवळंच हुती?"

"नाही. मधे बाजार होता. लोक भाजी घ्यायचे, मासळी घ्यायचे, भावावरून भांडायचे."

"बाजार? मग आधी सांगायचं की, शहाणे! मघापासून देवळं देवळं लावलंयस!"

तळपायाची आग मस्तकात गेली. निम्मा दिवस वाया गेला होता. पण तिनं माझा दंड धरला आणि निघाली. खांब आले की मान खाली घालायची, गेले की वर करायची. मासळीवाल्या कुठं बसायच्या, विचारलं. माझ्या कागदांत ते नव्हतं; एक कोपरा दडपून दाखवला. झुंजींचं ते मोठं गोल मैदान मात्र टॅक्सीच्या काचेतूनच बघावं लागलं.

तरी रोमचा जुना बाजार आईनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी पाहिला, आणि तो तिला मी दाखवला.