त्यांचा एक हात, माझे दोन

"मी इसरत न्हाई, बाई," असं म्हणत मावशी उजव्या हाताचं एक बोट माझ्या नाकासमोर धरायच्या. त्या बोटाचं नख वाकडं होतं. ब्लाऊजचं माप द्यायला आल्या तरी आधी नख, मग माप. जवळा बाजार या गावात माझं शिलाईचं दुकान आणि समोरच त्यांचं घर. त्या नखाइतकं तर मी माझं तोंडसुद्धा आरशात पाहिलं नसेल.

मावशी नवी नवरी होत्या तेव्हा घरात थोरल्या दिरांची भजनाची पेटी होती. कोणी नाही असं बघून मावशींनी ती उघडली, दोन सूर काढले. दीर मागून आले. आधी बोटांवर झाकण आपटलं, मग तोंड उघडलं, "बाईनं चूल वाजवावी." तुम्हीच सांगा, चूल काय वाजते? मेल्याहून मेल्यासारखं झालं त्या पोरीला.

पुढे वाटणी झाली, मधे भिंत आली. मावशींचे मालक वारले, लेकरं कामाला बाहेर गेली. एका बाजाराच्या दिवशी मावशी दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

"चल हिंगोलीला. पेटी घ्याचीय. पण करंटावरची. भाऊजींच्या पेटीपेक्षा मोठी."

"या वयात कशाला, मावशी?"

"एकदा त्यांनी आपल्या तोंडानं म्हणावं, वाजव. बस. मग मी मरायला मोकळी."

दुकानदारानं आधी एक छोटा कीबोर्ड पुढे केला. मावशींच्या एका बोटाखाली दोन पट्ट्या दबल्या. "हे खेळणं हाय. माझी बोटं खुरपं धरून जाड झालेली." मग त्यानं दुसरा काढला, एक बटण दाबलं, तर ढोलकीसकट अख्खं गाणं सुरू! दुकानदार खूश. मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आपोआपच वाजलं तर सूड कोणी घ्याचा?"

तिसरा मात्र मोठ्या पट्ट्यांचा होता. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात. "म्हंजे याला राग कळतो," मावशी म्हणाल्या, आणि मांडी घालून बसल्या. उजवा हात पट्ट्यांवर, आणि डावा हात पलीकडून काहीतरी चाचपू लागला. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, बाई भाता शोधतायत! वाटणी होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारातून दिरांचं वाजवणं बघितलेलं. उजव्या हातानं सूर, डाव्यानं भाता, एवढंच ठाऊक.

दुकानदार हसला. "मावशी, याला हवा मारावी लागत नाही. हा पियानोसारखा, यात डावा हातपण सूर वाजवतो."

मावशींचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "दोन्ही हात? त्यांचा एक, माझे दोन!" निघताना मात्र मागे वळून विचारलं, "सेलवर चालतो ना? लाईट जायाची वाटच बघून राहतील ते."

घरी आल्या आल्या कीबोर्ड मधल्या भिंतीला लावला, आवाजाचं तोंड भिंतीकडे. शिकल्या मोबाईलवर बघून. डावा हात मात्र ऐकेना. सूर सोडून आपला मागे-पुढे हवा मारायला पळायचा. "अगं सटवे, भाता न्हाई तिथं!" असं त्या स्वतःच्याच हाताला ओरडायच्या आणि मी मशीन थांबवून हसायचे. पलीकडून दीर मुद्दाम पेटी काढायचे. इकडून ही, तिकडून ते. गल्लीला झोप नाही. दीर ओट्यावरून सगळ्यांना ऐकवायचे, "त्या डबड्याला सूर हाय का?"

हळूहळू डावा हात वळणावर आला. दोन्ही हात एकत्र चालू लागले, आणि त्याच आठवड्यात दिरांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली.

मावशी दुकानात येऊन ढसाढसा रडल्या. मला वाटलं, दया आली. कसली दया! "माझा शब्द घेऊन गेले ना ते! आता वाजव कोण म्हणंल?"

डोळे पुसले आणि तरातरा पलीकडे निघाल्या. मी मागे. दीर भिंतीला टेकून बसलेले. मावशींनी त्यांची पेटी त्यांच्याच पुढ्यात ओढली, स्वतः समोर बसल्या, त्यांचा डावा हात उचलून भात्यावर ठेवला.

"हालवा."

ते नुसते बघत राहिले.

"काहून बघून राहिले, भाऊजी? हालवा म्हणते ना!"

बऱ्याच वेळानं भाता हलला. मावशींनी एक अभंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. दिरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबला नाही. वाजवून झाल्यावर मावशींनी झाकण धरलं. दिरांचा लुळा हात पेटीच्या कडेवर पडलेला. मावशींनी तो हात उचलला, त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि मग झाकण असं आपटलं की बाहेरची कुत्री भुंकू लागली.

मावशी जाऊन वर्ष झालं. कीबोर्ड अजून त्याच भिंतीला आहे, तोंड तिकडेच. दीर ओट्यावर बसतात. संध्याकाळ झाली की त्यांचा डावा हात मांडीवर मागे-पुढे, मागे-पुढे होत राहतो. लोक हळहळतात, बिचारा म्हणतात. मी नाही म्हणत. मी मशीन थांबवते, त्यांच्याकडे बघते आणि मनात म्हणते, हालवा, भाऊजी, हालवा.